रागासकट

भवानीपुरात गुडघाभर पाणी तुंबलं होतं, ट्राम जिथल्या तिथे उभ्या होत्या आणि अख्ख्या रस्त्यावर मिळून हातरिक्षा एकच होती. एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात निऱ्या सावरत कालिंदीनं ती गाठली, तेवढ्यात पलीकडून आणखी कुणीतरी रिक्षाच्या दांडीवर हात ठेवला.

"आप बैठिए, मैं..." तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली आणि पुढचं बोलायचं विसरला.

जयप्रकाश होता. दोन वर्षांत चांगला उंच झाला होता, कोवळी मिशी आली होती, पण कालिंदीला ओळखायला क्षणही लागला नाही. या चेहऱ्याला तिनं मनातल्या मनात कितीदा तरी शिव्या घातल्या होत्या... मराठीत, आणि मराठी अपुरी पडली की बंगालीत.

"कालिंदी," तो हळूच म्हणाला.

ती रिक्षात चढून बसली.

"मंडळात निघालीस ना? मीही तिकडेच—"

"भैया, चलो."

रिक्षावाल्यानं पाण्यात भिजत उभ्या असलेल्या त्या तरुणाकडे पाहिलं. "बाबू को नहीं लेना, दीदी?"

"बाबू को दौड़ना अच्छा आता है," कालिंदी म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं.

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीतल्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. बदलीवर आलेले बँकवाले, कस्टमवाले आणि कालिंदीच्या घरच्यांसारखी इथेच जन्मलेली, वाढलेली मंडळी वर्षातून या एकाच कामासाठी घट्ट एकत्र यायची. यंदाचं नाटक उज्ज्वलाताईंनी लिहिलं होतं. त्या कॉलेजात शिकवायच्या. शंभर वर्षांपूर्वीची एक जुनी कादंबरी घेऊन त्यांनी ती आजच्या कलकत्त्यात आणून बसवली होती. मूळ गोष्टीत नायक दुष्काळात गाव सोडून जातो आणि नायिका वर्षानुवर्षं वाट पाहते. उज्ज्वलाताईंनी दुष्काळाच्या जागी शहरातले दंगे घातले आणि नदीच्या घाटाऐवजी गडियाहाटचा बसस्टॉप. नायिका कालिंदी होती. नायक होणाऱ्या मुलाला आठवड्यापूर्वी कावीळ झाली होती.

"हा आपला नवा नायक," उज्ज्वलाताई म्हणाल्या. दारात जयप्रकाश उभा होता, कमरेपर्यंत चिंब. "कस्टममधल्या कर्णिकांचा मुलगा. पुण्याला होता, आता परत आलाय. तुम्ही ओळखत असाल एकमेकांना."

"नाही," कालिंदी म्हणाली.

"थोडंफार," तो म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. उज्ज्वलाताईंनी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि संहिता उघडली.

थोडंफार! कालिंदीच्या कानशिलांत रक्त उसळलं. ती सोळा वर्षांची असताना हाच मुलगा खिदिरपूरहून दोन ट्राम बदलून तिच्या शाळेच्या कोपऱ्यावर यायचा. बंगालीत पाणीही 'खातात', त्या सवयीनं ती "पाणी खातोस का?" म्हणाली की हसून हसून बेजार व्हायचा, आणि मग स्वतःही गंभीर चेहऱ्यानं "दे, एक ग्लास खातो," म्हणायचा. घरी खोटं सांगून ती त्याच्याबरोबर कॉलेज स्ट्रीटला जुनी पुस्तकं बघायला गेली, तो सत्तर सालचा हिवाळा होता. नक्षलवादी चळवळीचे ते दिवसच वाईट होते. सकाळी उघडलेलं दुकान संध्याकाळपर्यंत उघडं राहील याची खात्री नसायची. ते पुस्तकं चाळत होते आणि समोरच्या गल्लीत बॉम्ब फुटला. मग दुसरा. अश्रुधूर, लाठ्या, किंचाळ्या... तिनं त्याचा हात घट्ट धरला होता. त्यानं तो सोडवून घेतला. ओढून, झटका देऊन. आणि तो पळाला.

त्यानंतर तिनं त्याला पाहिलं ते आजच, रिक्षाच्या पलीकडे.

तालमी सुरू झाल्या. रंगमंचावर दोघांचं जमलं, जमायला नको इतकं जमलं. तो "किती बदललीस" म्हणायचा आणि ती "तू नाही बदललास" असं काही म्हणायची, की मागच्या खुर्च्यांवर वेण्या घालत बसलेल्या मुली माना वर करायच्या. तालीम संपली की मात्र ती त्याच्याशी अक्षर बोलायची नाही. एकदा त्यानं तिच्यासाठी चहाचं भांडं आणून ठेवलं. मातीचं, वाफाळतं.

"खातेस?" त्यानं भीत भीत विचारलं.

तिच्या ओठाचा एक कोपरा तिला न विचारता हलला. त्याचाच तिला इतका संताप आला की तिनं चहा उचलून खिडकीबाहेर ओतला.

शेवटच्या प्रवेशाची तालीम आली तेव्हा गाडी अडली. नायक परत येतो, मान खाली घालून उभा राहतो. नायिका डोळे पुसते आणि म्हणते, "मी कधी रागावलेच नव्हते."

कालिंदीनं डोळे पुसले नाहीत, हाताची घडी घातली.

"वाक्य विसरलीस?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

"नाही. पण मी हे म्हणणार नाही."

"का गं?"

"खोटं आहे म्हणून. इतकी वर्षं एकटीला टाकून गेला आणि ही रागावलीच नाही? मग ही बाई आहे की उशी?"

मुली फिस्सकन हसल्या. उज्ज्वलाताई हसल्या नाहीत. "मूळ कादंबरीत तसंच आहे, कालिंदी."

"मूळ कादंबरी कुणा पुरुषानं लिहिली असेल."

"असेल काय, आहेच," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक दातांत धरलं. "बरं. मग ती काय म्हणेल?"

कालिंदीनं जयप्रकाशकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. "मला माहीत नाही," ती म्हणाली आणि तडक व्हरांड्यात निघून गेली.

तो मागोमाग आला. बाहेर ऊन पडलं होतं, अंगणात कुणीतरी पताका चिकटवत होतं. तो तिच्यापासून जरा लांब, कठड्याला टेकून उभा राहिला.

"मी पळालो," तो म्हणाला. "धूर डोळ्यांत गेला, बाजूच्या माणसाचं डोकं फुटलेलं दिसलं आणि मी घाबरलो. तू माझा हात धरून आहेस हे मला कळत होतं. कळत असून सोडवून घेतला. दुसरं काही कारण नाही. सियालदह स्टेशनपर्यंत पळत गेलो आणि तिथे पायरीवर बसून ओकलो."

ती ऐकत होती. निदान हा सबबी सांगत नाहीये, तिच्या मनात आलं, आणि त्यानं राग कमी होण्याऐवजी वाढलाच.

"आणि दुसऱ्या दिवशी?" तिनं विचारलं. "दुसऱ्या दिवशी कुठे होतास?"

"घरीच. बाबांनी आठवड्यात पुण्याला पाठवलं. त्याआधी एकदा तुमच्या रस्त्यावर आलो होतो. तुला लांबून दारात पाहिलं, बरी दिसलीस... मग पुढे यायचं धाडस झालं नाही."

"बरी दिसले." तिचा आवाज खाली गेला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मला एका पुस्तकवाल्यानं फळीखाली ढकललं म्हणून मी वाचले. बाहेर आले तर तू नाहीस. मला वाटलं, तू मेलास. घरी जायचं सोडून मी हॉस्पिटलात गेले, जयू. एकटी. जखमी आणि मेलेले लोक जमिनीवर ओळीनं निजवले होते. मी एकेकाच्या चेहऱ्यावरची चादर बाजूला करून बघत होते, तू आहेस का. एकाचा शर्ट तुझ्यासारखा निळा होता. त्याची चादर मला उचलवेना."

जयप्रकाशनं कठडा धरला.

"घरी पोहोचले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. आमच्या शेजाऱ्यांनी मला कॉलेज स्ट्रीटला एका मुलाबरोबर पाहिलं होतं. अण्णांनी नाव विचारलं. मी सांगितलं नाही. तेव्हापासून अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलतात. वर्षभर शाळेत सोडायला आणि आणायला आई यायची. सगळं मी एकटीनं... आणि तू म्हणतोस, बरी दिसलीस."

"मला हे ठाऊक नव्हतं," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक करून घेतलं नाहीस."

त्यानं पताकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुण्याचं कॉलेज मी सोडलं. बाबांशी भांडून इथे बी.एस्सी.ला नाव घातलं. एक वर्ष वाया गेलं. तू माफ करशील म्हणून नाही आलो. तुझ्यासमोर उभं राहून तुझ्या तोंडून ऐकून घ्यायचं होतं, म्हणून आलो."

"मग घेतलंस ना ऐकून," कालिंदी म्हणाली, आणि पदर डोळ्यांशी नेत आत गेली.

नाटकाच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. शेवटच्या प्रवेशात जयप्रकाश मान खाली घालून उभा राहिला. उज्ज्वलाताईंनी संहितेत ती जागा कोरी सोडली होती. "आयत्या वेळी सुचेल ते बोल, माझा विश्वास आहे तुझ्यावर," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कालिंदी त्याच्यासमोर गेली. पाठ असलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

"तू गेलास याचा राग आहे," ती म्हणाली. "आणि आलास, म्हणून आनंद झाला, याचा त्याहून जास्त आहे."

पडदा पडायला हवा होता, पण पडदा ओढणारा ऐकतच राहिला. पहिल्या रांगेत बसलेले अण्णा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या मुलाच्या चेहऱ्याकडे, जो अभिनय करत नव्हता.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, घराची कडी वाजली. कालिंदी स्वयंपाकघरात खोबरं खवत होती. बाहेरच्या खोलीत अण्णा शाळेचे पेपर तपासत बसले होते.

"काका, मी जयप्रकाश कर्णिक," आवाज आला, आणि तिच्या हातातली वाटी तिथेच राहिली. "दोन वर्षांपूर्वी कॉलेज स्ट्रीटला कालिंदीबरोबर होता तो मुलगा मी. तिला मीच बोलावलं होतं. गोंधळ झाला तेव्हा तिला तिथे सोडून मी पळून गेलो. तुम्ही तिला जे बोललात, ते मला बोलायला हवं होतं."

ती दारात येऊन उभी राहिली. आई तिच्यामागे होती. अण्णांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला.

"हे सांगायला दोन वर्षं लागली तुला?"

"हो."

"लाज वाटली नाही इथवर यायला?"

"वाटली. म्हणूनच दोन वर्षं लागली."

अण्णा उठले. ते आता याला हाकलून देणार, असं कालिंदीला वाटलं, पण ते वळले ते तिच्याकडे. इतक्या दिवसांत ते असे सरळ तिच्या डोळ्यांत बघून बोलले नव्हते. "मी तुला इतक्यांदा नाव विचारलं. का नाही सांगितलंस?"

कालिंदीच्या आत काहीतरी तुटलं. हा राग जयूवरचा नव्हता. तो कुठे दबून बसला होता तिलाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही नावच विचारलंत, अण्णा," ती म्हणाली. "माझ्या साडीला रक्त होतं. ते कुणाचं, मला कुठे लागलं का, हे नाही विचारलंत. एकदाही नाही."

आईनं तोंडावर पदर घेतला. अण्णा उभ्याचे खाली बसले. त्यांनी टेबलावरचे पेपर सारखे केले, पुन्हा विस्कटले, पुन्हा सारखे केले.

"लागलं होतं?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज मास्तरांचा नव्हता, म्हाताऱ्या माणसाचा होता.

"कोपराला. थोडंसं."

ते उठून तिच्याजवळ आले. तिचा हात हातात घेऊन बाही वर सारली आणि केव्हाच पुसट झालेला तो व्रण त्यांनी अंगठ्यानं चाचपला, जणू अजून ओला असावा. कालिंदी रडली. किती वेळ, कुणी मोजलं नाही.

मग अण्णांना दारात अवघडून उभ्या असलेल्या मुलाची आठवण झाली. "तू काय असा उभा आहेस? बस म्हणालो नाही मी, आणि म्हणणारही नाही आज. पुन्हा कधी येशील तेव्हा बघू." एवढं म्हणून ते पाठ फिरवून खिडकीशी गेले.

पुन्हा कधी येशील तेव्हा. कालिंदीनं ते ऐकलं. जयप्रकाशनंही.

तो जिना उतरला तशी तीही उतरली. भर दिवसा, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांच्या देखत. दोघं ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

"मला न विचारता का आलास?" तिनं विचारलं.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. पुन्हा माझ्या बाबतीतलं काही ठरवायचं असेल, तर आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"माझा राग गेलेला नाही, जयू."

"माहीत आहे."

"लवकर जाणारही नाही. कदाचित कधीच जायचा नाही पूर्ण."

"रागासकट चालेल मला," तो म्हणाला. मग जरा थांबून, कान लाल करत, "माझं... माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे सांगायचं राहिलंच होतं. तेव्हापासून."

तिच्या गालांवर ऊन आलं, की दुसरंच काही. तिनं रुळांकडे पाहिलं. "ते सगळं नंतर. शनिवारी कॉलेज सुटलं की ये. आधी मला भांडायचंय, खूप राहिलंय."

"येतो. किती वाजता?"

ट्राम आली, घंटा वाजवत थांबली. कंडक्टरनं त्याच्याकडे पाहिलं. तो चढला नाही. ट्राम निघून गेली.

"गेली ना तुझी ट्राम."

"दुसरी येईल. भांडण लांबणार असेल तर शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?"

कालिंदीनं त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर, अगदी पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.