अंजिराच्या खाडीतली दुपार

पोलिक्सेनीला उतरवून घ्यायला मी धक्क्यावर गेले, भट्टीतले ताजे पाव घेऊनच. अथेन्सच्या एका इस्पितळात नर्स होती ती, चाळिशीची. बेटावर मी दोन खोल्या भाड्याने देते, त्यातल्या एकीत ती ऑगस्टभर राहणार होती.

“मला काही बघायचं नाही, अर्गिरोबाई,” ती म्हणाली. “फक्त झाडं, समुद्र आणि झोप. माणसांचे आवाज नकोत.”

“मग बरोबर जागी आलीस. इथे माझ्या भावाशिवाय बडबड करणारं कुणी नाही.”

तिची बॅग उचलत स्त्रातिस म्हणाला, “आणि ताईशिवाय टोमणे मारणारं!”

आठवडाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. सकाळी डोंगरावर भटकायची, पाव, ऑलिव्ह आणि शेळीचं चीज चवीनं खायची. मी तिला एकच गोष्ट बजावली होती. “अंजिराच्या खाडीत सकाळी जा, संध्याकाळी जा. भर दुपारी नको.”

“का? ऊन लागतं?”

“ऊन सगळीकडेच लागतं,” मी म्हटलं आणि विषय बदलला. आमच्याकडे यावर फार बोलत नाहीत.

एके दुपारी वारा पडला होता. गाव दारं लावून निजलं होतं. पाणी प्यायला उठले, तर तिच्या खोलीचं दार उघडं आणि पलंग रिकामा. चपला दाराशीच होत्या. मी स्त्रातिसला हलवून उठवलं. तो तसाच माझ्यामागे निघाला.

उतारावर पाइनच्या झाडांतले किडे कानठळ्या बसवत होते. खाडी दिसू लागली आणि ते गप्प झाले. सगळे एकदम, जणू कुणी वर बोट करून दटावलं. पाठोपाठ वास आला. महिनोन्महिने पाऊस नव्हता, माती भाजून निघालेली, आणि वास मात्र तळघरातल्या ओल्या भिंतीचा.

खालून बोलणं ऐकू येत होतं. पोलिक्सेनी हसत होती. “नाही गं... मला पोहता येत नाही.”

तिला उत्तर मिळालं. “मी धरते ना तुला. ये...”

स्त्रातिसनं माझा दंड घट्ट पकडला. “ताई,” तो पुटपुटला, “हा... तुझा आवाज आहे.”

माझाच होता. तोच घोगरेपणा, शब्द ओढायची तीच सवय. मी तर तोंड मिटून उभी होते.

पोलिक्सेनी छातीइतक्या पाण्यात उभी होती, आमच्याकडे पाठ करून. उजवा हात पुढे पसरलेला, कुणीतरी धरल्यासारखा. समोर फक्त पाणी होतं. मी जीव खाऊन हाक मारली. तिनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तू... वर कशी?”

स्त्रातिसनं पाण्यात उडी टाकली. तिला ओढून आणताना त्यालाही दम लागला. तो नंतर म्हणाला, पलीकडून कुणीतरी खेचत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं ती गेली. माझ्या नजरेला नजर न देता.

ऑक्टोबरात भर दुपारी फोन आला. तिची बहीण होती, लेना.

“बाई, एक विनंती आहे. तिला रोज फोन करणं थांबवाल का? तुमच्याशी बोलली की ती टब भरून तासन्‌तास त्यात बसते.”

“मी तिला एकदाही फोन केलेला नाही.”

“असं कसं? आत्ताही न्हाणीघराचं दार लावून तुमच्याशीच...” ती बोलता बोलता थांबली.

“लेना, दार फोड!” मी ओरडले.

लेनाच्या हातून फोन खाली पडला. धावणं, धडका, किंकाळी, मग पाणी उसळल्याचा आवाज. मी फोन कानाशी दाबून उभी होते. बऱ्याच वेळानं कुणीतरी खोकलं, खोकत राहिलं. पोलिक्सेनी जिवंत होती.

लेनानं फोन उचलला. तिचे दात वाजत होते.

“डोकं पाण्याखाली होतं तिचं... बाहेर काढलं मी. पण बाई... माझ्याही तोंडात गेलं ते पाणी. आमच्या नळाचं पाणी... खारट कसं?”