डाव्या कानातली ओळ

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वाचू नये. ही भर दुपारी घडली. एका बुधवारी, दुसऱ्या मजल्यावरच्या उजेडाच्या खोलीत, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत असताना.

आणि ती खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरातली. खोटं सांगून मला काय मिळणार? मावशी तर भूतबीत म्हटलं की, "मेलेल्यांना दुसरे उद्योग नाहीत का रे?" असं विचारणारी बाई.

मावशीने अख्खी नोकरी एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. दिवसभर कानाला हेडफोन. नुसतं "हॅलो" ऐकून कुठला डॉक्टर आज घरी भांडून आलाय, ते सांगायची.

तिला दोन मुलं. थोरला दादा, जमिनीच्या मोजणीचं काम करणारा. पाठची टिचकी, औषधांच्या दुकानात काउंटरवर. तिची जीभ अशी तिखट की निम्मी गिऱ्हाइकं गोळी घेण्याआधीच सरळ व्हायची.

दादाकडे कॉलेजपासूनचा एक ग्राफिंग कॅल्क्युलेटर होता. मोजणीलाही तोच वापरायचा. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, दुसऱ्या कॅल्क्युलेटरला वायरने जोडण्यासाठी. या पठ्ठ्याने त्यात हेडफोन खुपसला, प्रोग्रॅम लिहिले आणि गाणी वाजवायला लागला. गाणी कसली, नुसतं पीं-पीं. मावशी म्हणायची, "यापेक्षा डास सुरात असतात."

मग त्याने टिचकीसाठी एक चाल रचायला घेतली. हेडफोनच्या दोन तारा, म्हणून दोन ओळी. उजव्या कानात टिचकीची. ती थांबली की डाव्या कानात दादाची. दोघांनी शेजारी बसायचं, हेडफोनचं एकेक बोंडूक कानात घालायचं.

टिचकीची ओळ लिहून झाली.

दादाची राहिली... साइटवरून येताना ट्रकने उडवलं त्याला.

ऑफिसच्या लोकांनी बॅग आणून दिली. त्यात कॅल्क्युलेटर होता. तेव्हापासून टिचकी दुकानातून आली की दादाच्या खोलीत जायची. उजवं बोंडूक कानात, डावं दादाच्या रिकाम्या खुर्चीवर. मावशी तिला अडवायची नाही. रडण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

एक दिवस टिचकी बाहेर आली ती हसत.

"आई, दादाची ओळ ऐकू येते."

"अगं, ती लिहिलीच नव्हती ना?"

"माझी थांबली की येते. तो गुणगुणतो."

मावशी आत गेली, खुर्चीवरचं बोंडूक उचलून कानाला लावलं.

काहीच नाही.

चाल उजवीकडे वाजत होती, डावीकडे शुकशुकाट.

पण बोंडूक गरम होतं...

हॉस्पिटलच्या बोर्डावर पाळी बदलताना आधीच्या बाईच्या कानातून काढलेला हेडफोन हातात आला की असाच लागायचा. मावशीने ते गुपचूप परत ठेवलं. उन्हाने तापलं असेल म्हणाली. खोलीत ऊन त्या बाजूला येतच नाही.

त्यानंतर टिचकीचा आवाज उतरत गेला.

आधी वाटलं, सर्दी असेल. मग गिऱ्हाइकं "काय म्हणालात?" विचारायला लागली. डॉक्टरने घसा बघितला. घसा ठणठणीत. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा म्हणाला.

आवाज कमी होत राहिला. टिचकीला त्याचं काहीच नाही! जेवण अर्धं टाकून ती आत जायची. मावशी दाराशी उभी राहायची. एक गेला होता. आता दुसरीही डोळ्यांदेखत चालली, आणि कुणाकडे तक्रार करावी ते कळेना.

मग तो बुधवार आला.

टिचकी दुकानात होती. मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

आतून गुणगुण ऐकू आली...

दादाची.

मावशी मला म्हणाली, "खरं सांगू? मला भीती नाही रे वाटली. आनंद झाला. वाटलं, आला माझा बाळ." ओल्या हातानेच ती बोळात येऊन उभी राहिली. जिवाचा कान करून ऐकत राहिली.

गुणगुण थांबली.

आणि त्या थांबलेल्या जागी दुसरा आवाज आला...

टिचकीचा. पूर्वीसारखा, खणखणीत.

मावशीने दुकानात फोन लावला. कुणीतरी उचलला.

"टिचकी?"

उत्तर नाही. नुसती फुंकर मारल्यासारखी हवा.

"टिचकी, बोल ना गं!"

मग दुकानाच्या मालकाचा आवाज आला. "काकू, तिला बोलताच येत नाहीये हो. सकाळपासून थोडा तरी आवाज होता, आत्ता पार बसलाय. घाबरलीये पोरगी."

आणि आत... टिचकी गातच होती.

मावशीने फोन ठेवला आणि दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. एकीवर डावं बोंडूक, दुसरीवर उजवं. कॅल्क्युलेटर मध्ये. त्याचा पडदा कोरा, बंद. गाणं खुर्च्यांच्या बाजूने येत होतं, बसलेल्या माणसाचं तोंड असतं त्या उंचीवरून.

टिचकी तिला सांगत असे ते मावशीला आठवलं. चाल त्या यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत होती. सगळे सेल काढले की पुसली जाणार, कायमची. दादाच्या हातचं शेवटचं तेवढंच उरलं होतं.

मावशी दादाच्या खुर्चीसमोर खाली बसली.

"बाळा," ती म्हणाली, "तिला सोड. तिचं सगळं व्हायचंय अजून. तुला एकट्याला करमत नसेल, तर मी आहे ना. मी येऊन बसेन. पण तिला सोड."

गाणं थांबेना.

तिने मागचं झाकण काढलं. चार पेन्सिल सेल काढले. तरी दोघं गात होते. बटणाएवढा पाचवा सेल चमच्याच्या टोकाने उचकटला...

टिचकीचा आवाज मध्येच तुटला.

दादाचा थोडा वेळ राहिला. मग तोही गेला.

मावशी तिथेच बसून ढसाढसा रडली. पोटच्या पोराला आपल्याच हाताने घराबाहेर काढल्यासारखं वाटलं तिला.

फोन वाजला. टिचकी होती. "आई! अगं, बोलता यायला लागलं मला! काय झालं होतं गं?"

याला आता बरेच महिने झाले. टिचकी ठणठणीत आहे. परवाच मला म्हणाली, "वजन वाढलंय तुझं, दुकानात येऊन काट्यावर उभा राहा." त्या चालीतला तिला एक सूरही आठवत नाही. कॅल्क्युलेटर मावशीने कपाटात ठेवलाय, सेलशिवाय.

टिचकी एवढंच म्हणते की आई हल्ली दुपारी दादाच्या खोलीत पडते. दार लावून. तिथे बरी झोप लागते म्हणते.

काल मी मावशीला फोन केला. पलीकडून काहीतरी आलं, पण शब्द लागेना.

"मावशी, जरा मोठ्याने बोल ना," मी म्हणालो.

"मोठ्यानेच बोलतेय रे," एवढंच कसंबसं कळलं.

मी तीनदा फोन कापून पुन्हा लावला. शेवटी टिचकीने तिच्या हातून फोन घेतला. लाइन खराब असेल, असं टिचकीला सांगितलं. तिच्याशी त्याच फोनवर बोलत होतो, आणि तिचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.