देवखोलची माणसं नाही का म्हणत नव्हती?

देवखोलची माणसं काही बावळट नव्हती. बियाणं नुसतं दाताखाली धरून चांगलं की वाईट ते सांगायची. मग फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी (एकदाच चालणारा गुप्त आकडा) मागितला, की तो लगेच का सांगून टाकायची?

बोधूला हे कोडं सुटत नव्हतं. बोधू म्हणजे गावाला फोन-संगणक शिकवायला आलेला यंत्रमानव. "हा आकडा म्हणजे तुमच्या कुलपाची किल्ली!" तो रोज बजावायचा. पण देवखोलला कुलूप लावतंय कोण? सगळे माना डोलवायचे. नंतर बोधू आवाज बदलून त्यांनाच फोन करायचा, आणि झाडून सगळे नापास.

मैथिलीला मात्र हे बरंच वाटे. तिची आई चंद्रावरच्या तळावर कामाला, म्हणून ती आत्याकडे राहायला आलेली. गावात तिच्याशी बोलणारा एकटा बोधू. गाव पास झालं, की तो पुढच्या गावी जाणार होता.

एकदा दिवे लागल्यावर ती शेजारच्या सिंधूकाकूंकडे विरजण मागायला गेली.

"दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, बाळा. सकाळी ने हं," काकू हसून म्हणाल्या.

मैथिली अंगणातच थबकली. काकूंनी चक्क नाही म्हटलं होतं, आणि वाईट कुणालाच वाटलं नव्हतं! म्हणजे एरवी आड येत होती ती भीड; रीत असली, की नाही म्हणणं सोपं होतं.

चार दिवस तिनं हे पोटातच ठेवलं. पाचव्या दिवशी काकूंच्या घरातून हुंदके ऐकू आले. कुणीतरी आकडा विचारून त्यांचं फोनवरचं खातं पळवलं होतं. बोटीवर नोकरीला गेलेल्या लेकाचे, त्याच्या आवाजातले सगळे निरोप त्यात होते.

"त्याचा आवाजच गेला गं," काकू म्हणाल्या.

मैथिलीला स्वतःची फार लाज वाटली. ती तडक बोधूकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बोधू गावाला म्हणाला, "यंत्र त्या आकड्यावरून ओळखतं, की खात्याचे मालक तुम्हीच. तो दिलात, की मागणाराच मालक! म्हणून हा आकडा दिवेलागणीनंतरचं विरजण समजा. कुणीही मागो, द्यायचा नाही."

जमलेल्या बायका खुदकन हसल्या. त्या दिवशी बोधूच्या प्रत्येक फोनला एकच उत्तर मिळालं, "नाही देत बाबा, आमच्यात चालत नाही!"

बोधू निघाला तेव्हा मैथिली त्याला वेशीपर्यंत सोडायला गेली.

"पुढच्या गावाची रीत मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तिथं कुणाला विचारू?"

"एकटं बसलेलं पोर शोध," मैथिली म्हणाली. "त्याला सगळं दिसत असतं."