दोन बोटं कललेली भिंत

"तो त्या रात्री नुसता ओळंबा आणायला गेला होता," काका म्हणाले, तसे पुतणे-पुतण्या सरसावून बसले. दिवे जाऊन अर्धा तास झाला होता. "मंगळवार, एकोणीस तारीख, रात्रीचे सव्वादहा. हे त्याने स्वतः मला सांगितलंय. तेव्हा मध्येच खिदळायचं नाही."

तो म्हणजे काकांचा दोस्त, गवंडी. सगळे त्याला नव्वद म्हणत, कारण कोपरा नव्वद अंशांत नसला तर त्याला घास उतरायचा नाही. "आमचे हे अंथरुणावरची चादरसुद्धा काटकोनात घालतात," असं त्याची बायको म्हणायची. भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारं, दोरीला टांगलेलं ओळंब्याचं पितळी वजन तो रोज उशाशी घेऊन झोपायचा. सख्ख्या भावाच्या शब्दावर नसेल एवढा त्याचा त्या वजनावर भरवसा.

काम होतं टेकडीच्या उतारावरच्या एका घराचं. साठ वर्षांपूर्वीचं घर. सपाट छप्पर, दरीकडची अख्खी बाजू काचेची आणि मागची भिंत थेट टेकडीला टेकलेली. एका म्हाताऱ्याने ते स्वतःच्या हाताने बांधलं आणि त्यातच डोळे मिटले. ते नव्याने नीट करून घेताना नव्या मालकीणबाईंची एकच अट होती, "झाड तोडायचं नाही, खडक फोडायचा नाही. घर टेकडीचंच वाटलं पाहिजे."

नव्वदने मान डोलावली. पण मागच्या भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या काढल्या आणि त्याचं डोकंच फिरलं. भिंत दोन बोटं टेकडीकडे कललेली!

"म्हाताऱ्याला साधी भिंत उभी करता येत नव्हती," तो म्हणाला. तिला टेकू दिलेल्या दोन तुळयाही त्याने बिनकामाच्या म्हणून त्याच दुपारी काढून टाकल्या. सकाळी भिंत पाडायची आणि सरळ बांधायची, असं ठरलं. सामानाच्या राखणीला त्याचा धाकटा भाऊ तिथेच झोपला, भिंतीच्या कडेला.

"अरे, मातीचा भार पेलणारी भिंत कलतीच बांधतात," काका म्हणाले. "नव्वदने अशा दहा बांधल्या असतील. पण ही खोलीतली, पट्ट्यांमागची. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची चूक. दुसऱ्याची चूक सापडली की माणूस पुढचं बघत नाही."

काकांनी आवाज खाली आणला. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं.

त्या रात्री नव्वद बॅटरी घेऊन आत शिरला. भाऊ घोरत होता. दुपारी छताच्या हुकाला लटकवलेला ओळंबा तिथेच विसरला होता. त्याने हात पुढे केला... आणि तो थांबला.

दोरी सरळ नव्हती.

वारा नाही. दारं बंद. तरी दोरी भिंतीच्याच कलाने, दोन बोटं तिरपी. त्याने वजन धरलं. स्थिर केलं. सोडलं. ते हललं... डुललं... आणि पुन्हा तसंच तिरपं होऊन थांबलं.

बॅटरीचा उजेड काचेवर गेला. काचेत सगळी खोली दिसली. तो स्वतः. निजलेला भाऊ. आणि...

भिंतीला पाठ लावून एक म्हातारा उभा होता. पाय रोवलेले. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. काचेतून तो नव्वदकडेच बघत होता. ओठ हलले. आवाज नाही.

नव्वद गर्रकन वळला.

कुणी नाही. नुसती माती. भिंतीच्या सांध्यातून... झर... झर...

त्याने पुन्हा काचेत पाहिलं. म्हाताऱ्याचे गुडघे वाकायला लागले होते.

"ऊठ!"

"दादा... काय..."

"ऊठ रे!"

त्याने भावाला बखोटीला धरून ओढलं. दार. पायरी. अंगण. आणि मग मागे...

काकांनी तो आवाज करून दाखवला नाही.

"सकाळी अंथरुणाच्या जागी खोलीएवढा मातीचा ढिगारा होता आणि मधोमध एक शिळा," ते म्हणाले. "भावाला पोटाशी धरून नव्वद लहान पोरासारखा रडला. माझ्यामुळे गेला असता, माझ्यामुळे, हे एकच चालू होतं. पुढे त्याने भिंत पुन्हा बांधली. तुळयांसकट, तंतोतंत दोन बोटं कललेली. शिळा बाईंनी हलवू दिली नाही. आता तिच्यावर बसून वाचतात."

"आणि ओळंबा?" धाकट्या पुतणीने हळूच विचारलं.

"छप्पर वाचलं होतं. हुकाला तसाच लटकत होता. नव्वदने तो परत उशाशी घेतला नाही. मला देऊन टाकला."

"कुठंय तो?"

तेवढ्यात...

दिवे आले. सगळ्यांनी डोळे चोळले. काका दाराकडे बघत होते, म्हणून बाकीच्यांनीही तिकडे पाहिलं. चौकटीच्या खिळ्याला दोरीने एक पितळी वजन टांगलेलं होतं. पंखा अजून फिरायला लागला नव्हता.

चौकट सरळ होती. दोरी दोन बोटं तिरपी.