साडेतीन फुटांच्या आत

तो कॅमेरा माझ्याकडे कसा आला, एवढंच विचारलंत ना तुम्ही? मग नीट बसा. दोन वाक्यांत सांगून होणार नाही.

मी कचेरीत नकाशे काढतो. अंतरं मोजण्यात आयुष्य चाललंय, म्हणून असेल कदाचित, पण मला नाद लागला तोही अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचा. जुने, पितळी अंगाचे, आट्यांवर फिरवून लेन्स बसवायचे. हा नाद लावला चष्मेवाल्या काकांनी. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. पण रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवून निघालो की आम्ही दोघं एकाच वर्गातली पोरं. एकदा आम्ही दोन तास एकाच जिन्याचे फोटो काढले होते, लेन्स बदलून बदलून, आणि मग कुठल्या लेन्सची सावली मऊ यावरून आठवडाभर अबोला धरला होता.

या कॅमेऱ्यांना मागे डोळा लावायला दोन बारीक खिडक्या असतात. एकीतून फोटोची चौकट दिसते. दुसरीतून समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक, एक फिकट. लेन्स फिरवत जायची. फिकट प्रतिमा सरकत सरकत ठळक प्रतिमेवर जाऊन बसली की फोकस जुळला. मग लेन्सच्या कड्यावरचा आकडा वाचायचा. तेवढ्या फुटांवर ती वस्तू आहे, यात शंका नाही. काका म्हणायचे, "माणसाचे डोळे फसवतात, त्यावर तर माझा धंदा चालतो. ही काच फसवत नाही."

शेवटचं वर्षभर काका यायचे बंद झाले. बोलवायला गेलो की दुकानातूनच हात हलवायचे, पुढच्या रविवारी म्हणायचे. आणि मग एका दुपारी डोळे तपासायच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दीड महिन्याने काकूंचा निरोप आला, कॅमेरा घेऊन जा.

मी रविवारी दुपारी जेवून गेलो. काकूंनी दुकानाचं दार अर्धंच उघडलं आणि मी आत आल्यावर लगेच लावून घेतलं. काउंटरवर चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा ओळीने मांडलेल्या होत्या, त्यांच्यावर धूळ.

"आत आहे तो. ह्यांनी ठेवला तिथेच," त्या म्हणाल्या. "पण नेण्याआधी एक कबूल कर. त्यात रीळ आहे. ते धू, आणि त्यात कोण आहे ते मला येऊन सांग."

"कोण म्हणजे?"

"बाई." काकूंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "वर्षभर दुपारी दार लावून आत बसायचे. मी एकदा कान लावला. म्हणत होते, 'आलीस? अजून जवळ आलीस ना...' चाळीस वर्षं संसार केला रे मी. ती कोण, हे कळायला नको मला?"

"काकू, काका तसे..."

"तसे नव्हते, हे सगळेच सांगतात. तू फोटो बघ आणि खरं सांग. माझी कीव करू नकोस."

त्या चहा टाकायला वर गेल्या. मी आतल्या खोलीत गेलो.

ती खोली तुम्ही पाहिलेली नाही. लांबट, बरोबर वीस फूट, खिडकी नाही. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि त्यावर एक दिवा. मी दिवा लावला. उरलेली खोली भरदुपारी काळोखातच राहिली. खुर्चीच्या हातावर कॅमेरा होता. तक्त्याशेजारच्या भिंतीवर एक पांढरा चौकोन दिसत होता. तिथला फोटो कुणीतरी काढून ठेवला होता.

तो फोटो सगळ्या गावाला माहीत होता. काका तरुण असताना मोठा पूर आला होता, तेव्हाचा. छातीभर पाण्यात उभी असलेली एक बाई, हात वर केलेला, बोटांची पेरंन् पेरं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ. त्याला बक्षीसही मिळालं होतं. ती बाई पुढच्या क्षणी वाहून गेली. लोक हळहळायचे आणि मग फोकसचं कौतुक करायचे. एकदा लेन्स पुसता पुसता काका मला सहज बोलावं तसं म्हणाले होते, "वीस फुटांवर होती. माझ्या खांद्यावर दोरी होती रे. पण आधी फोकस जुळवला." आणि पुन्हा लेन्स पुसायला लागले होते.

मी खुर्चीत बसलो. रिळाच्या आकड्यावरून दोन-तीन फोटो शिल्लक दिसत होते. ते संपवून रीळ गुंडाळावं म्हणून मी अंतराच्या खिडकीला डोळा लावला.

दोन तक्ते दिसले. लेन्स फिरवली, ते एक झाले. वीस फूट, अगदी बरोबर. पण तक्त्याच्या अलीकडे काहीतरी होतं, आणि ते अजून दोन होतं. उभं, फिकट, पातळ. काचेवर बुरशी असेल, असं वाटलं. मी लेन्स जवळच्या अंतराकडे फिरवली. तक्ता पुन्हा दोन होत गेला, आणि ती दोन फिकट उभी रूपं एकमेकांकडे सरकू लागली... आणि जुळली.

ओले केस. तोंडावर अंधार. वर केलेला हात.

मी कॅमेरा खाली घेतला. समोर रिकामी खोली, तक्ता, दिवा. चौकटीच्या खिडकीतून पाहिलं, तिथेही कोणी नाही. कड्यावर आकडा सात होता.

वर काकूंनी कपबशी ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे काकू वरच होत्या. नाकाला वास यायला लागला होता, गढूळ पाण्याचा, पूर ओसरल्यावर घरांतून येतो तसा. मी उठून जायला हवं होतं. पण तुम्हाला खरं सांगतो, नाद वाईट. मी पुन्हा डोळा लावला. ती पुन्हा दोन झाली होती. म्हणजे जागची हलली होती. लेन्स फिरवली. पाच. पुन्हा दोन. चार. माझे हात घामाने निसटत होते. मी फिरवत राहिलो आणि साडेतीनवर लेन्स अडली. या लेन्स त्याहून जवळचं मोजत नाहीत.

खिडकीत ती अजून दोनच दिसत होती.

काय झालं माझं, कोण जाणे. दोरी कुठली असणार माझ्याकडे? मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून उजवा हात पुढे केला.

कुणीतरी तो धरला.

थंड, बुळबुळीत, आणि काय ती पकड! मोठ्या माणसाचं सगळं वजन त्या पाच बोटांवर होतं. दोन श्वास मी सहन केलं असेल. मग मी ओरडलो आणि हात हिसडून घेतला. बोटं एकेक करून सुटत गेली. शेवटी करंगळी. आवाज काहीच नाही.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी बाहेर काउंटरला टेकून उभा होतो.

"पडलास का रे? केवढ्याने ओरडलास!"

"पायाला खुर्ची लागली," मी म्हणालो. उजवा हात खिशातच ठेवला होता. चहा डाव्या हाताने घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्हाणीघरात रीळ धुतलं. सगळे फोटो त्याच खोलीचे, त्याच खुर्चीवरून. पहिल्यात तक्ता स्वच्छ होता, अगदी खालची ओळसुद्धा वाचता येत होती. पुढच्यात किंचित पुसट. त्याच्या पुढच्यात आणखी. दर फोटोगणिक काका अधिकाधिक जवळचं काहीतरी टिपत गेले होते, आणि जे टिपलं तिथे हवेशिवाय काही नव्हतं. शेवटच्या फोटोत तक्ता म्हणजे नुसता पांढरा डाग होता आणि त्याच्यावर खालून आलेला काकांचा हात. तळवा वर, बोटं मिटत आलेली. काहीतरी धरलंय, असा.

मी ते फोटो काकूंसमोर मांडले आणि दोरीची गोष्ट सांगितली. दुसरी बाई नव्हती, पुरातली तीच होती, म्हणालो. माझ्या हाताचंही सांगितलं, मी तो सोडवून घेतला हेही.

काकूंनी शेवटचा फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला.

"डॉक्टरांनी विचारलं होतं मला," त्या हळूच म्हणाल्या, "शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली कशी म्हणून. मी म्हटलं, पाणी सांडलं असेल." मग अचानक हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "आणि मी मेली वर्षभर त्यांच्या शर्टांना अत्तराचा वास शोधत होते!"

"काकू, ती खोली बंद करून टाका. कुलूप लावा."

"हो," त्या म्हणाल्या. मला निरोप देताना मात्र त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आतल्या दाराकडे बघत होत्या.

कॅमेरा मी घरी आणला. त्यानंतर एकदाही डोळ्याला लावलेला नाही. त्या तिकडे कपाटात वरच्या फळीवर आहे. रविवारी आता मी घरीच असतो. बायको म्हणते, बरं झालं.

गेल्या गुरुवारी दिवेलागणीला काकूंचा फोन आला. आवाज दमलेला, पण काहीसा शांत.

"तुला सांगायचं राहिलं. मी बसते तिथे दुपारची. कॅमेरा नाही लागत त्याला. नुसता हात पुढे करायचा."

"काकू!"

"ऐक तर. कुणीतरी द्यायलाच हवा होता ना हात? ह्यांचं राहिलेलं. रोज धरते ती. आधी वाटलं, वर यायचं असेल तिला. पण ती वर येत नाही रे. खाली ओढते... रोज थोडं जास्त." त्यांनी श्वास घेतला. "आज दोन हात होते."

"दोन म्हणजे, तिचेच दोन्ही?"

"नाही. दुसरा पुरुषाचा होता. ह्यांचा नव्हे. ह्यांचा मी झोपेतही ओळखला असता." मग त्या म्हणाल्या, "तू बरा आहेस ना? तुझा उजवा हात... बघ बरं जरा."

मी फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा हात दिव्याखाली धरला. हात पूर्ण कोरडा होता. आठवडाभरात मी रीळ धुतलेलं नव्हतं, आणि कचेरीतून येऊन साधे हातपायही अजून धुतले नव्हते. तरी पाचही बोटांची टोकं पांढरी पडली होती, आणि फार वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाच्या बोटांना पडतात तशा त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या.