बाळासकट, बाळाशिवाय

सोमवार. बाळासकट ६२.१. बाळाशिवाय ५८.४. बाळ ३.७.

दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेली सोपी युक्ती. बाळाला छातीशी घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी करायची. खरं तर तिला हे सांगायची गरजच नव्हती. बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत दुकानादुकानांतले काटे तपासणं हेच तिचं काम होतं. तिला दारात पाहून भलेभले दुकानदार घाम पुसत.

बाळाचा आकडा ती सगळ्यांना कळवी. "गुणाचं गं माझं सोनं!" सासूबाई फोनवर म्हणत. आई असती तर पुढे "आणि तू कशी आहेस?" आलं असतं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

तिसरा सोमवार. बाळासकट ४५.४. बाळाशिवाय ४१.३. बाळ ४.१.

काट्यात खोट असणार. तिनं पिठाची न फोडलेली दहा किलोची पिशवी ठेवून पाहिली. १०.०.

कपडे तर अंगाला पूर्वीसारखेच बसत होते, पोटाशी उलट घट्टच. पण तिची खुर्ची आता करकरत नव्हती. ती आडवी झाली तरी चादरीला सुरकुती पडत नव्हती. आणि बाळ रडलं की आत काहीच हलत नव्हतं. ती उठायची, पाजायची, पुसायची, भिंतीकडे बघत बसायची.

पाचवा सोमवार. बाळासकट २३.५. बाळाशिवाय १९.०. बाळ ४.५.

"माझं वजन एकोणीस किलो आहे," जेवताना ती म्हणाली.

"मजा आहे बाई! लोक जिममध्ये मरमर मरतात त्यासाठी," नवरा हसला. "आणि पिल्लू?"

"साडेचार."

"शाब्बास रे पठ्ठ्या!"

सहावा सोमवार.

तिनं काट्यावर पाय ठेवला नाही. सिस्टर घरी येणार होती. आज सरळ सांगून टाकायचं: मला बरं वाटत नाही, कशातच काही वाटत नाही, जरा माझ्याकडे बघा. आंघोळ करताना तिनं ते तीनदा घोकलं.

सिस्टर अकराला आली. बोलकी, घाईतली.

"दिवसा मदतीला कोण असतं?"

"कुणी नाही."

"झोप?"

"लागत नाही."

"होतं हो असं सुरुवातीला." फॉर्मवर दोन खुणा झाल्या. मग सिस्टरनं बाळाला उचललं, त्याचं डोकं हुंगलं. "चढा आधी तुम्ही एकट्या."

ती चढली.

"सिस्टर, मला काहीतरी..."

सिस्टर वाकून आकडा बघत होती.

"हं, शून्य आलं," ती बाळाला म्हणाली. "काटा तयार आहे, राजा."

आणि तिनं बाळाला अलगद काट्यावर ठेवलं, आईच्या दोन पावलांच्या मधोमध.