अँबू दाबणारी बाई

दुपारची जेवणं होऊन वॉर्डातली पंगत उठली, तरी खुर्शीदाचा डबा टेबलाखाली तसाच पडून होता. उघडणार कोण आणि कोणत्या हातानं? तिचे दोन्ही हात अँबूवर होते.

अँबू म्हणजे रबराचा फुगा. ज्याचा श्वास बंद पडतो त्याच्या घशात नळी घालतात, नळीच्या तोंडाला हा फुगा जोडतात आणि कोणीतरी बसून तो दाबत राहतं. दाबला की पेशंटची छाती वर येते, सोडला की खाली जाते. हात चालतो तोवर माणूस आहे, हात थांबला की नाही. हे काम करायला मशीनही असतं, आणि या सरकारी दवाखान्यातही ते होतं म्हणा. खाटेच्या उशाशीच उभं होतं, अंगावरचं प्लास्टिक न काढलेलं, उद्घाटनाचा झेंडूचा हार गळ्यात सुकलेला. फोटो निघाले, पेढे वाटले, पण ते चालवणारा माणूस काही आला नाही. बडा घर पोकळ वासा.

खुर्शीदा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. साखरखेर्ड्याच्या फारुख पिंजाऱ्याची थोरली लेक. पहिल्या वर्षी हातात दिवा घेऊन रुग्णसेवेची शपथ घेताना तिचे डोळे भरून आले होते. आता त्या शपथेची आठवण झाली की तिला नुसता संताप यायचा. पुस्तकात लिहिलं होतं की अँबूवर आळीपाळीनं माणसं बदलावीत, थकलेल्या हातानं श्वास देऊ नये. पुस्तक लिहिणाऱ्यानं हा वॉर्ड पाहिलाच नसावा. इथे सगळ्या खाटांना मिळून एक सुचिता सिस्टर आणि नर्सिंगच्या शाळेतून आलेल्या दोन पोरी. त्यातली फिजा सकाळीच लसीकरणाच्या गाडीत बसून गेलेली. शिकायला म्हणून आलेल्या पोरींनी चादरी मोजायच्या, सिलिंडर ढकलायचे, रक्ताच्या बाटल्या आणायला धावायचं. शिकवणाऱ्या मॅडम महिन्यातून एकदा सहीपुरत्या उगवायच्या.

त्यात त्या साली दुष्काळात तेरावा महिना आलेला. अळी लागत नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीच्या बोंडातच गुलाबी अळी निघाली आणि जो तो पाठीवर पंप बांधून वावरात शिरला. कपाशी वाढलेली डोक्याच्या वर. फवारा जेवढा पानांवर जायचा तेवढाच उलटून तोंडावर यायचा. रोज एक-दोन माणसं बैलगाडीत, ॲपेत, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात यायची. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला लसणासारखा उग्र वास.

गजेंद्र त्यातलाच. उंद्रीचा, रोजानं फवारणीला जाणारा. वावराच्या धुऱ्यावर कोसळला तेव्हा त्याची आई झुंबरबाई शेजारच्या वावरात गवत निंदत होती. तिनंच त्याला आणलं. सकाळी डॉक्टरांनी नळी घातली आणि मोठ्या शहरात न्यायला गाडी सांगितली. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. परत येईपर्यंत कोणीतरी दाबत राहायला हवं होतं.

"गजेंद्रभाऊ," खुर्शीदा त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आयकू येते का? येत असंन तं बोट हालवा."

उजव्या हाताची करंगळी जराशी हलली. विषानं अंग लुळं पडलं होतं, पण माणूस आत जागा होता. आपला हात चुकला तर याला कळणार होतं.

औषध संपलं म्हणून सिस्टरनं झुंबरबाईला बाहेरच्या मेडिकलमध्ये पिटाळलं. ती गेली आणि लाइटही गेली. पंखा थांबला. बाहेर रणरणतं ऊन, पण खिडक्यांच्या काचांना जुना हिरवा रंग फासलेला, त्यामुळे वॉर्डात डबक्याच्या तळाशी असावा तसा उजेड पडला. माणसं खाटांवर गप्प पडून होती. फुग्याचा आवाज तेवढा येत होता. हुस्स... हुस्स...

इतक्यात दाराशी गलका झाला. फवारणीचाच दुसरा पेशंट, चौघांनी उचलून आणलेला, आचके देत होता.

"खुर्शीदा! इकडे ये लौकर!" सुचिता सिस्टर ओरडली.

"सिस्टर, माया हातात अँबू हाये!"

"नातेवाइकाच्या हातात दे न ये! मी एकटी का का करू?"

नातेवाइकाच्या हातात द्यायचं, ही त्या वॉर्डाची रीतच होती. बाप असो, बायको असो, समोर बसवायचं, दोनदा दाबून दाखवायचं आणि आपण पळायचं. पोरी पहिल्या दिवशी आल्या तेव्हा वॉर्डातल्या मनकर्णा मावशीनं फक्त एक गोष्ट बजावली होती. "पोरीहो, फुगा देतानी आधी पुसायचं, नाव काय न तू याची कोन लागते. सांगतलं तरच द्यायचा." पोरी तेव्हा खुदखुदून हसल्या होत्या. म्हाताऱ्यांचं काहीतरी असतंच.

खुर्शीदानं मान वळवली. खाटेच्या पलीकडे, मशीन आणि भिंतीच्या मधल्या बेचक्यात एक बाई बसलेली होती. लुगड्याचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला, गुडघे जवळ घेतलेले. गजेंद्रची मावशी-काकू असेल. कधी येऊन बसली कोण जाणे.

"काकू, या इकडे. हे धरा. असं दाबायचं... न सोडायचं. छाती वर येते का ते पाहायचं."

"येते मले," बाई म्हणाली.

आवाज घोगरा, फार दिवस न वापरलेला. तिनं हात पुढे केले. नखांच्या कडा हिरवट-पिवळ्या, बोटांच्या भेगांत तसलाच रंग मुरलेला. कापूस वेचणारीचे हात म्हणावेत तर ओले. खुर्शीदानं फुगा त्या हातात दिला आणि धावत सुटली. नाव काही विचारलं नाही.

मग वेळेचं भान राहिलं नाही. त्या माणसाचे कपडे कापून काढायचे, अंग साबणानं धुवायचं, तोंडातला फेस ओढायचा, शीर सापडेना तर पुन्हा टोचायचं. सिस्टर ओरडत होती, त्याची बायको ओरडत होती, आणि या सगळ्यात खुर्शीदाच्या कानाला लांबून तो आवाज लागून होता. हुस्स... हुस्स... एका तालात, एकदाही न अडखळता. हायसं वाटलं तिला. काकूचा हात चांगला आहे, तिनं मनात म्हटलं.

झुंबरबाई औषधाची पिशवी छातीशी धरून धापा टाकत दारातून आली. तिनं खुर्शीदाला इथे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"माय वो! तुमी अठी? मंग माया पोराजोळ कोन हाये?"

"भिऊ नका. तुमच्या काकू बसल्या हायेत ना."

"कोनत्या काकू?" झुंबरबाई म्हणाली. "आमी मायलेकंच आलो ना वो. तिसरं कोनी आमाले हायेच नाही."

खुर्शीदाच्या हातातला साबण खाली पडला.

ती खाटेपाशी पोचली तेव्हा बाई तशीच बसली होती. फुगा दाबला जात होता, गजेंद्रची छाती वर येत होती, खाली जात होती. पण बाई गजेंद्रकडे पाहत नव्हती. मान खाली, पदर पार हनुवटीपर्यंत. त्या पदराखालून लसणासारखा वास असा येत होता की डोळ्यांना पाणी यावं.

"काकू... द्या आता. मी धरते."

हुस्स... हुस्स...

"द्या म्हनते ना!"

"तू जाय," बाई म्हणाली. "तुले कामं हायेत. तुमाले लय कामं असतेत..."

खुर्शीदानं फुगा ओढला. तो सुटेना. तिनं जोर लावला आणि बाईनंही लावला, आणि त्या ओढाताणीत एक श्वास चुकला. मग दुसरा. गजेंद्रचे ओठ निळे पडू लागले. खाटेच्या पायथ्याशी झुंबरबाईनं किंकाळी फोडली. गजेंद्रची करंगळी चादरीवर थडथड आपटत होती. त्याला सगळं कळत होतं.

पळून जावं असं खुर्शीदाला वाटलं नाही, असं कसं म्हणावं? पण भीतीच्या वर तिला राग आला. सकाळपासूनचा, वर्षभराचा राग. हा माणूस आपल्या हातातून असा जाणार, आणि उद्या ताशेरे आपल्याच नावावर. तिनं ओढणं सोडलं. आपले दोन्ही हात त्या ओल्या, गार हातांवर ठेवले आणि त्यांच्यासकट फुगा दाबला. छाती वर आली. सोडला. पुन्हा दाबला. दोघींचे चार हात एका तालात चालले.

"मी आली ना आता," ती दातओठ खात म्हणाली. "मी हाये. तुमी सोडा."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग तिच्या हाताखाली नुसतं रबर होतं. बेचक्यात कोणी नव्हतं. मशीनच्या प्लास्टिकवर पाच बोटं उमटली होती, हिरवट, आणि ती वाळत चालली होती.

गजेंद्रचे ओठ पुन्हा लाल झाले. झुंबरबाई खाटेचा पाय धरून बसून राहिली. तिला विचारलं तर ती म्हणाली, पोरी, मले तं तू एकलीच दिसली, हवेशी झोंबतानी.

मनकर्णा मावशी पोछा टाकून जवळ आली. तिनं खुर्शीदाच्या हाताचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"नाव नाही पुसलं ना?"

"कोन हाये ते, मावशी?"

"तिचा बी पोरगा होता. असाच, फवारनीचा. बीटीच्या पह्यल्या-दुसऱ्या सालची गोठ. गर्दी लय होती त्या दिशी. सिस्टरनं फुगा हातात देल्ला न म्हनलं, दाबत राय, आलीच मी." मावशीचा आवाज खाली आला. "पोरगा तं दिवस बुडाच्या आतच गेल्ता. पन डॉक्टरनं येऊन सांगतल्याबिगर तो गेला म्हनायचं कोनी? कोनी आलंच नाही. तिले थांब म्हनाले कोनी आलंच नाही, पोरी. ते दाबूनच राह्यली... पोराच्या अंगावरचं जहर तिच्या बी अंगात गेल्तं. सकायी मी झाडाले आली तं दोघं बी थंड. बोटं फुग्यावरून निघता निघनात."

"कोन होती ते सिस्टर?" खुर्शीदानं विचारलं. "तिले काही झालं का नाही?"

"कोन का असंना. ते बी एकलीच होती."

खुर्शीदा दाबत राहिली.

ऊन कलल्यावर गाडी आली. सोबत जायला दुसरं कोण होतं? झुंबरबाईबरोबर खुर्शीदाच गेली. ड्रायव्हर बिलालभाईनं गाडी अशी हाणली की खड्ड्याखड्ड्याला तिचं डोकं टपाला लागत होतं, पण हात चुकला नाही. मोठ्या दवाखान्यात चार जण धावत आले, फुगा काढला, नळी मशीनला जोडली. मशीननं पहिला श्वास दिला आणि गजेंद्रची छाती आपोआप वर आली. तिथला डॉक्टर म्हणाला, वाचेल, वेळेत आणला. झुंबरबाई तिच्या पाया पडायला वाकली. खुर्शीदानं तिला उठवलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती रडली.

परत निघाले तेव्हा सांज होत होती. मागे ती एकटी, समोर रिकामं स्ट्रेचर. दोन्ही बाजूंना कपाशीची वावरं मागे पळत होती. तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तिला जाणवलं की आपले हात मांडीवर उघडमीट करत आहेत. दाब, सोड. दाब, सोड. सवय लागली, ती स्वतःशीच हसली आणि मुठी घट्ट आवळून बसली.

समोरच्या स्ट्रेचरवरून घुसमटल्याचा आवाज आला.

तिनं डोळे उघडले. चादर सपाट होती. आवाज मात्र येत होता, कोणाचा तरी श्वास अडकल्याचा, आत ओढता न येणारा... तिचे हात आपसूक उघडले. तिनं रिकामी हवा दाबली. आवाज थांबला. सोडली, पुन्हा दाबली. चादरीवर काहीच हललं नाही, पण कोणीतरी शांतपणे श्वास घेत होतं. तिच्या हातांच्या पाठीवर वरून काहीतरी गार, ओलं टेकलं होतं आणि तिच्यासोबत दाबत होतं.

"बेटी," बिलालभाईनं आरशातून पाहत विचारलं, "मागे आजून कोनी हाये का? सांस आयकू येऊन राह्यली..."

"बिलालभाई," ती कशीबशी म्हणाली, "वार्डात फोन लावा. सिस्टरले म्हना, माया जागी कोनी तरी पाठवा."

त्यानं फोन लावला, स्पीकर चालू केला, निरोप सांगितला. पलीकडे वॉर्डाचा गलका होता. मग सुचिता सिस्टरचा थकलेला, रोजचा आवाज आला.

"इथं कोनीच नाही, खुर्शीदा. तूच धर. सोडू मात्र नको."

काय धरायचं, हे खुर्शीदानं सांगितलंच नव्हतं.